लटारीभाऊची उसनी लुगडी

दिवाळी झाली, धानाच्या लोंब्या वाकल्या आणि पाटलांच्या ओसरीवर मंडईचा दिवस ठरला, की आमच्या मोहटोल्यातल्या बायका जपून चालायला लागायच्या. एरवी डोक्यावर दोन-दोन घागरी घेऊन तळ्याच्या पाळीवरून धावणाऱ्या बायका त्या आठवड्यात एकेक पाऊल असं टाकायच्या, जणू खाली ओली रांगोळीच काढलेली आहे. कारण एकच. लटारीभाऊ लुगडं मागायला निघालेले असत.

मंडई म्हणजे आमच्या भागातली दिवाळीनंतरची जत्रा. नदीपलीकडे ब्रह्मपुरीकडे दिलेल्या लेकी, त्यांची पोरंबाळं, जावई, जावयांचे मित्र, सगळे त्या दिवशी गावात. दिवसा बाजार भरायचा आणि अंधार पडला की दंडार सुरू व्हायची, ती उजाडल्यावरच थांबायची. दंडार म्हणजे नाटकच, फक्त बोलण्यापेक्षा गाणं जास्त आणि बायकांची कामंही पुरुषांनीच करायची. या दंडारीसाठी लटारीभाऊ दारोदार जाऊन लुगडं उसनं मागायचे.

"बाई, लुगडं देता का वो? मंडई झाली का आनून देतो."

पाटलीणबाईंनी एकदा मोठ्या मनानं संदुकीतून घडी न मोडलेलं लुगडं काढून पुढं केलं. लटारीभाऊंनी हात मागं घेतले.

"नवं नको वो बाई. नवं लुगडं दुकानाचं रायते. बाईचं व्हाले त्याले गंज दिवस लागते. तुमचं ते दंड घातलेलं द्या ना, तिकडं वाळून राह्यलं ते."

दंड घातलेलं, म्हणजे फाटल्यावर मधला भाग काढून पुन्हा जोडलेलं. पाटील म्हणजे गावचे मालगुजार, जमीनदारच; त्यांच्या घरात असं लुगडं नेसतात, ही गोष्ट पाटलीणबाईंनी गावापासून मोठ्या निगुतीनं लपवली होती. ती आता गॅसबत्तीच्या उजेडात पंचक्रोशीसमोर येणार होती. पण त्यांनी दिलं. लटारीभाऊंना नाही म्हणण्याची पद्धत गावात नव्हती.

त्यांचा सिद्धांत साधा होता. ज्या बाईचं लुगडं, तिचीच चाल. लुगडं हातात आलं की ते आधी उजेडात धरून पाहायचे. पदर कुठं विटलाय, म्हणजे ही हात कुठं पुसते. खांद्यावर कुठं विरलंय, म्हणजे ही ओझं कोणत्या बाजूला घेते. मग नेसायचे, अंगणात दोन फेऱ्या मारायचे, आणि तिसऱ्या फेरीला त्या घरचं कुत्रं उठून शेपूट हलवायला लागायचं. मी थट्टेनं लिहीत नाही. पाटलांच्या कुत्र्याला मी हे करताना पाहिलं आहे.

मी त्या गावात शाळामास्तर होतो. पन्नाससालानंतरची ती वर्षं. आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तेव्हा शाळेत नवा नकाशा आला, एवढाच काय तो गावाला फरक पडला. मास्तर म्हणजे अक्षर वाचता येणारा माणूस, म्हणून पडद्यामागं पुस्तक धरून बसायचं आणि विसरलेल्याला वाक्य पुरवायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. त्यामुळं लटारीभाऊंना मी समोरून कमी आणि मागून जास्त पाहिलं.

जातीनं ढिवर. सकाळी तळ्यात जाळं टाकायचं, दुपारी धानाच्या दोन-चार बांध्यांत काम करायचं. उंच, काटकुळे, गळ्याची घाटी मोठी, हाताची बोटं लांब. बाई म्हणून उभं करावं असं त्या शरीरात काही नव्हतं. मिशी दसऱ्याला काढायचे आणि होळीनंतर ठेवायचे. मधल्या काळात कोणत्याही वेळी कुणाची तरी सासू होण्याची तयारी असायची. आणि सासूच काय, राजा, संन्यासी, ठाणेदार, भूत, सावकार, मोह खाऊन झिंगलेलं अस्वल, काय म्हणाल ते. पेटी वाजवायचे, ढोलकी वाजवायचे, सनईवाला नसला तर सनई. एका दंडारीत ते चार-पाच माणसं होऊन मरायचे आणि मधल्या वेळात स्वतःच्याच मरणाला पेटीची साथ करायचे.

एकदा पेटीवाला आयत्या वेळी तापानं पडला. लटारीभाऊ त्या दंडारीत राणी होते आणि मेलेल्या राजाजवळ बसून राणीचं मोठं रडगाणं होतं. पेटीशिवाय ते कसं व्हायचं?

"मी वाजवतो ना," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही राणी आहात," मी म्हटलं.

"मंग? रानीले पेटी येत नाई, असं कुठी लिवून हाये?"

पुस्तकात तसं खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं. ते पेटी बगलेत घेऊन राजवाड्यात शिरले. मांडी घालून बसावं तर लुगड्याचा काष्टा आडवा येत होता, म्हणून पेटी त्यांनी सरळ राजाच्या पोटावर ठेवली आणि रडायला सुरुवात केली. राजा झाला होता पाटलांचा धाकटा भाऊ. अंगानं भरलेला, रात्रीचं जेवणही भरपूर झालेलं. पेटी हळूहळू वर जायला लागली, हळूहळू खाली यायला लागली. आधी पुढं तणशीवर, धानाच्या पेंढ्यावर बसलेली पोरं हसली, मग बायका, मग सगळं गाव. मेलेला राजाही हसू दाबायला लागला, तशी पेटी गदागदा हलायला लागली.

दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. लटारीभाऊंनी गाणं थांबवलं, पेटीकडं पाहिलं, राजाच्या छातीला कान लावला आणि किंकाळी फोडली, "जित्ता हाये! राजा जित्ता हाये!" आणि त्याच दमात पेटीवर असं काही आनंदाचं वाजवलं, की लोकांनी टोप्या उडवल्या. माझ्या पुस्तकात यापुढं राणीचं सती जाणं, राजपुत्राचा सूड आणि दुष्ट प्रधानाचा राज्याभिषेक होता. प्रधान मुकुट घालून माझ्या शेजारी उभा होता. तो मला विचारतो, "गुर्जी, मंग मी आता काय करू?" मी त्याला घरी जायला सांगितलं. पुढं कितीतरी वर्षं गावानं त्या राजाला मरू दिलं नाही.

लटारीभाऊंच्या तोंडी एक वाक्य नेहमी असायचं. "पाहून ठेवलं हाये."

नवीन ठाणेदार गावात येऊन तासभर बसून गेला. "त्याचं नाक शिंकरनं पाहून ठेवलं हाये, गुर्जी." पाटलांची म्हातारी आई गेली, तेव्हा सगळे माना खाली घालून बसले होते आणि हा गृहस्थ दाराशी उभा राहून सुनांकडं टक लावून पाहत होता. परत येताना मला म्हणाले, "मोठी सून खरी रडून राह्यली. लहानी तिच्या मांगून रडून राह्यली. दोन्ही पाहून ठेवल्या." मला राग आला. कुठं काय पाहावं याचं काही ताळतंत्र? पण पुढच्या मंडईला त्यांनी रडणाऱ्या दोन बहिणी एकट्यानं केल्या, तेव्हा पडद्यामागं माझे डोळे भरून आले आणि माझी ओळ हुकली.

आमच्या घरची कथाही सांगायलाच हवी. त्यांनी एका वर्षी माझ्या बायकोचं लुगडं नेलं. आमच्या घरी बाहेर निघायचं म्हणजे एक सोहळा असतो. बायको दारातून निघते, चार पावलं जाते, परत येते, कडी पाहते. पुन्हा निघते, पुन्हा येते, चूल विझली का पाहते. तिसऱ्यांदा निघते आणि मग काय विसरलं ते आठवायला परत येते. तर त्या वर्षीच्या दंडारीत राणीला वनवासाला जायचं होतं. साखरेपेक्षा गोड गाणं म्हणत लटारीभाऊ राजवाड्यातून निघाले, चार पावलं गेले, आणि परत येऊन राजवाड्याची कडी पाहून गेले. दुसऱ्यांदा परत आले ते राजवाड्याची चूल पाहायला. सगळ्या गावानं एकदम मान वळवून माझ्या बायकोकडं पाहिलं.

घरी आल्यावर तिनं मला विचारलं, "मी अशी चालतो का जी?"

मी म्हटलं, "छे."

"त्या लटारीले सांगून द्या, पुन्हा आपल्या दारी येऊ नोको म्हना," असं म्हणत ती पाण्याला निघाली, चार पावलं गेली आणि कडी पाहायला परत आली.

पुढच्या वर्षी लटारीभाऊंनी दुसरीकडून लुगडं नेलं. तेव्हा बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काऊन? आपलं लुगडं काय वाईट होतं?"

असा हा माणूस दिवाळीपासून होळीपर्यंत घरी सापडायचा नाही. आपल्या गावची मंडई झाली, की उजाडल्याबरोबर पाळीच्या वळणावर मोहाच्या झाडाखाली एक बैलगाडी जुंपून उभी असायची. कधी गडचिरोलीकडची, कधी ब्रह्मपुरीकडची, कधी पार राजुऱ्याकडची. लटारीभाऊ तोंडावरचा रंग अर्धामुर्धा धुऊन गाडीत बसायचे, की मग एका गावाहून दुसऱ्या गावी. कानामागं पिवडी, तोंडाला फासायचा तो पिवळा रंग, राहिलेली असायची. ती होळीला रंगातच धुऊन जायची.

एकदा नागपूरच्या एका नाटक कंपनीचा मालक त्यांना घेऊन गेला. आम्हाला वाटलं, आता हा माणूस मोठा होणार. पण होळीच्या आत लटारीभाऊ पळून आले.

"काय झालं, लटारीभाऊ?"

"काई नाई जी. खाले देत, प्याले देत. पन लुगडे कंपनीचे. मखमल, जरी, सारं काई. पन त्याच्यातून कोनी चाललंच नोहतं. मी कोनावानी चालू?"

मला त्यांची चिडच आली होती. थोडी कळ काढली असती, तर आज त्यांचं नाव राहिलं असतं. आता मोहटोल्याबाहेर त्यांना ओळखणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आणि तीही म्हातारी. कंपनी सोडून ते ज्या घरी पळून आले, त्या घरात तरी त्यांची कधी कुणी वाट पाहिली होती का, असा प्रश्न मला तेव्हा पडायचा. उत्तर नंतर कळलं आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

लटारीभाऊंच्या घरी त्यांची थोरली बहीण होती, गंगाबाई. विधवा. तिनंच त्यांची एकुलती एक मुलगी वाढवली होती, कौसल्या. मुलीची आई तुळसा, मुलगी रांगत होती तेव्हाच गेली. ताप आला आणि तीन दिवसांत संपलं. लटारीभाऊ तेव्हा राजुऱ्याकडं कुठल्याशा गावात नाटक करत होते. माणूस पाठवला, तो एका गावात पोचेपर्यंत हे पुढच्या गावी. आले तेव्हा राख सावडून झाली होती आणि यांच्या कानामागं पिवडी तशीच होती. हे मला गंगाबाईंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांनी भावाला एक शब्द वावगा म्हटला नाही.

कौसल्येनं मात्र कधी बापाचं नाटक पाहिलं नाही. लहानपणी दंडारीच्या वेळी आत्याच्या कुशीत शिरून कानांवर हात ठेवायची म्हणे. लग्न होऊन नदीपलीकडं गेल्यावर ती आखाडीला यायची, पोळ्याला यायची, मंडईला कधीच नाही. गावच्या साऱ्या लेकी ज्या दिवशी माहेरी यायच्या, नेमकी त्या दिवशी लटारीभाऊंची लेक यायची नाही. ते कुणाजवळ याबद्दल बोलत नसत. पण पडद्याआडून बायकांच्या बाजूला एक नजर टाकून मगच ते पहिलं पाऊल टाकायचे, हे मी दरवर्षी पाहत होतो.

आणि एका वर्षी ती आली. मंडईच्या आदल्या दुपारी, कडेवर दोनेक वर्षांची पोर घेऊन. आम्ही लटारीभाऊंच्या अंगणात तालीम करत होतो. शेजारच्या बायका कामं टाकून कुडाशी बसल्या होत्या. लटारीभाऊंनी पेटीवरचे हात उचलले आणि ते नुसतेच लेकीकडं पाहत राहिले. तिनं पोरीला खाली ठेवलं, पाणी प्याली आणि सगळ्यांदेखत म्हणाली,

"बा, साऱ्या गावच्या बायाईच्या चाली तू करतं म्हनते. माही माय कशी चाले ते एकदा दाखव मले. मले तिचं काईच आठवत नाई. ह्या पोरीले काय सांगू मी?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिनं आत जाऊन आत्याच्या संदुकीतून एक लुगडं आणलं. हिरवं, लाल काठाचं. तुळसाचं तेवढंच एक राहिलं होतं.

लटारीभाऊंनी ते उजेडात धरलं. पदर पाहिला, खांदा पाहिला. कुठं विटलं नव्हतं, कुठं विरलं नव्हतं. घडीवरच्या रेघा तशाच होत्या.

"हे तं दुकानाचंच हाये," ते हळूच म्हणाले.

"तूच आनलं होतं ना गडचिरोलीवरून," गंगाबाई म्हणाल्या. "नेसलीच नाई ते. तू एखाद्या मंडईनंतर घरी रायशीन, तवा नेसीन म्हने."

ते नेसले. अंगणाच्या मधोमध उभे राहिले. त्यांनी एक पाऊल टाकलं, ते पाटलीणबाईंचं होतं. थांबले. पुन्हा पाऊल टाकलं आणि कडी पाहायला वळावं तसं वळले, ती माझी बायको होती. तिसऱ्यांदा कुणाची तरी म्हातारी आई झाली. कुडाजवळच्या बायका एकेक चाल ओळखत होत्या, पण नेहमीसारखं कुणी हसत नव्हतं. बऱ्याच वेळानं लटारीभाऊ आहे तिथंच खाली बसले.

"गुर्जी," ते मला म्हणाले. लेकीकडं पाहायची त्यांना हिंमत नव्हती. "तिलेच पाहून नाई ठेवलं."

त्यांनी लुगडं सोडलं, तसं कौसल्येनं ते त्यांच्या हातून घेतलं, घडी घातली आणि पोरीला घेऊन आत गेली.

त्या दुपारी लटारीभाऊ पुन्हा दारोदार फिरले. मी त्यांच्या मागोमाग होतो, कारण तालीम मोडली होती आणि त्यांना एकटं सोडवेना. या वेळी त्यांनी लुगडं मागितलं नाही. "आमच्या तुळसाले पाह्यलं होतं ना वो तुमी? कशी चाले ती?" एवढंच विचारत होते.

एक म्हणाली, झपझप चाले. दुसरी म्हणाली, छे गा, मासोळीचं टोपलं डोक्यावर, पाणी मानेवर गळे, म्हणून मान कलती करून हळू चाले. तिसरी म्हणाली, पायात काटा मोडला होता तवापासून उजवा पाय अलगद टेके. चौथी म्हणाली, नाही, डावा. वीसेक वर्षांमागची गोष्ट, कुणाला नीट काय आठवणार? लटारीभाऊ प्रत्येक घरासमोर तसं चालून दाखवायचे आणि बाई मान हलवून म्हणायची, "नाई गा, अशी नाई."

शेवटी आम्ही सायत्राबुढीकडं गेलो. तळ्याच्या पाळीला लागून तिचं घर. तिला आता नीट दिसत नव्हतं.

"चालनं बिलनं मले नाई ठावं, बापू," ती म्हणाली. "पन उभी कशी राहे, ते सांगतो. मासोळ्या विकून वापस ये, तं पाळीच्या वळनावर मोहाजवळ थांबे. टोपलं कमरेवर घे, डोळ्यावर हात धरे आन् गाडीरस्त्याकडं पाहे. रोज. पोटात पोरगी होती तवा बी पाहे, पोरगी झाली तवा तिले घेऊन पाहे. मी म्हनो, काऊन वं तुळसा, कोनाची वाट पाह्यतं? तं म्हने, कोनाची नाई, माय. गाडी वाजल्यावानी वाटली."

मग आम्ही उलट्या वाटेनं परत गेलो. चालीवरून भांडणाऱ्या त्या बायकांना लटारीभाऊंनी फक्त मोहाचं झाड म्हटलं. तेवढ्यानं सगळ्यांना आठवलं. "हो वो बाई! थांबे ना ती तिथी!" या एका गोष्टीवर गावात दोन मतं नव्हती.

ते रस्त्यातच थांबले आणि मला म्हणाले, "गुर्जी, मी घरी राह्यलो असतो, तरी मले हे दिसलंच नसतं. मी घरी असलो तं ती तिथी काऊन थांबीन?"



दुसऱ्या दिवशी मंडई झाली. दंडारीत लटारीभाऊ लढाईवरून परतलेल्या सैनिकाची म्हातारी आई होते. गावच्या दंडारीत ते पहिल्यांदाच दुकानाचं लुगडं नेसून उभे राहिले, लेकीकडून उसनं घेतलेलं तेच हिरवं, लाल काठाचं. त्यांचा प्रवेश शेवटचा. पूर्वेला फटफटलं होतं, गॅसबत्त्या फिक्या पडल्या होत्या आणि अर्धं गाव तणशीवर आडवं झालं होतं. पुस्तकाप्रमाणं म्हातारीनं यायचं, समोर मुलगा उभा असतो, त्याला "आलास का रे बाळा" म्हणून पोटाशी धरायचं आणि संपवायचं.

लटारीभाऊ टोपलं घेऊन आले. मान कलती, पाऊल ना झपझप ना हळू. मधोमध येऊन थांबले. टोपलं कमरेवर घेतलं, डोळ्यांवर आडवा हात धरला आणि पाहायला लागले. मुलगा डाव्या हाताला उभा होता. हे पाहत होते उजवीकडं, लोकांच्या डोक्यांवरून, तळ्याच्या पाळीकडं.

मी पुरवलं, "आलास का रे बाळा." काही नाही. मी जरा मोठ्यानं पुरवलं. सैनिकानं घाबरून दुसरीकडं जाऊन उभं राहून पाहिलं, तरी म्हातारीची नजर हलेना. मी तिसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं ओरडलो, की मागच्या रांगेतला एकजण झोपेतून "आलो, आलो" म्हणत उठून बसला. पेटीवाल्यानं एक सूर धरून ठेवला होता, तो सोडायचं त्याला कळेना.

तेवढ्यात बायकांतून पाटलीणबाईंचा आवाज आला. "तुळसा वो! तुळसाच हाये!"

कौसल्या उठून उभी राहिली. पोर तिच्या खांद्यावर झोपली होती. तिनं तिला हलवून जागं केलं, तोंड समोर धरलं आणि म्हणाली, "पाह्य. ते तुही आजी हाये."

मी पुस्तक मिटलं. पडदा कुणी ओढला, ते मला ठाऊक नाही.

पाळीच्या वळणावर नेहमीप्रमाणं गाडी उभी होती, गडचिरोलीकडची. लटारीभाऊंनी तिला हात जोडून परत पाठवलं. तो दिवस ते घरी राहिले. लेकीनं भात रांधला, तो खाल्ला. नातीला पेटी वाजवून दाखवली. तिनं पेटीच्या पट्ट्यांवर भाताचे हात पुसले, ते पुसू दिले. दुसऱ्या दिवशी कौसल्या निघाली. बापाच्या पाया पडली. "पुढच्या मंडईले येतो, बा," एवढंच म्हणाली. हिरवं लुगडं तिनं बरोबर नेलं.

त्यानंतर लटारीभाऊ गाव सोडून नाटकाला गेले नाहीत. कितीतरी गाड्या आल्या आणि रिकाम्या गेल्या. आपल्या गावच्या मंडईला पेटी वाजवायचे, पण बाईचं काम करायला पुन्हा उभे राहिले नाहीत. ते काम मग पाटलांचा पुतण्या करायला लागला. तो नव्या पातळात मुरडत यायचा आणि लोक शिट्या मारायचे. दिवाळी झाली, की माझी बायको आपलं जुनं, विटकं लुगडं मुद्दाम कुडावर वाळत घालायची. लटारीभाऊ समोरून जायचे, "काय वो बाई, बरं हाये ना" म्हणायचे आणि पुढं जायचे. संध्याकाळी ती ते काढून घडी घालून ठेवायची.

मंडईच्या दिवशी मात्र ते सकाळपासून घरी नसत. पाळीच्या वळणावर मोहाखाली असत. नदीकडून गाड्या यायला लागल्या, की ते झाडाच्या सावलीतून पुढं यायचे, मान कलती करायचे, डोळ्यांवर आडवा हात धरायचे आणि पाहायचे. गाडी गेली की हात खाली. दुसरी गाडी वाजली की पुन्हा वर. एकदा आम्ही दोघं बाजाराला चाललो होतो, तेव्हा बायको त्यांच्याकडं पाहत थांबली. म्हणाली, "तुळसाची नक्कल अजून करून राह्यले का जी हे?"

मी नीट पाहिलं. अंगात बंडी, कमरेला पंचा, गालांवर पांढरे खुंट. लुगडं नव्हतं, रंग नव्हता, आणि समोर आमच्याशिवाय कुणी पाहणारं नव्हतं. मी म्हटलं, नाही, नक्कल नाही ही.

कौसल्या एखाद्या वर्षी यायची. एखाद्या वर्षी तिला घरचं काही निघायचं, मग यायची नाही. ते दिवस मावळेपर्यंत तिथं उभे असायचे आणि नंतर पेटी वाजवायला यायचे.